‘अ’ जीवनसत्त्वाच्या सत्तर वाट्या

माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता आणि त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून मी त्यांना दीड महिन्यात आमरसाच्या सत्तर वाट्या पाजल्या.

वाक्य पुन्हा वाचू नका, पहिल्यांदा बरोबरच वाचलंत. रस बाजारातल्या आंब्याचा नव्हता, घरच्या शेतातल्या गावठी आंब्याचा होता, एवढाच काय तो माझा बचाव. हल्ली ही हकिगत नातवंडांना सांगितली की ती आधी पोट धरून हसतात, आणि मग माझ्या हातचं काही खायच्या आधी हळूच वाटीत डोकावून बघतात!

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीची. मी माहेरची धुळ्याची. व्हर्नाक्युलर फायनल पास. म्हणजे सातवी. आज सातवीला कोणी विचारत नाही, पण तेव्हा एरंडोलच्या आमच्या गल्लीत मी एकटीच सातवी पास सून होते आणि ही गोष्ट कोणी विसरू नये याची मी फार काळजी घेत असे. (दूध घालायला आलेल्या बाईलासुद्धा मी दोनदा सांगितलं होतं.) आमचे ‘हे’ शाळामास्तर. त्यांच्याकडे पुण्याहून एक मासिक यायचं. ते यांच्या आधी मी वाचायची, आणि वाचून झालं की घरातल्यांना सुधारायला घ्यायची.

घरातले म्हणजे दोघं. सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, आणि सासूबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत आणि सगळेच भीत.

नाना कापसाचे पारखी. जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुई आली की नाना चिमूटभर उचलणार, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढणार, उजेडाकडे करून एक डोळा बारीक करणार आणि सांगणार, “धागा लांब, पण शेवटच्या वेचणीचा आहे. पाचोळा फार.” नानांनी सांगितलं की शेठ लोक मान डोलवायचे. त्या दोन डोळ्यांवर नानांची चाळीस वर्षं उभी होती. आणि तेच डोळे अंधुक होऊ लागले.

माघ महिन्यात जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “मधुमेह आहे. साखर, गूळ, भात, बटाटा, मिठाई बंद.” यांनी यादी लिहून आणली. अक्कांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ती एकदा ऐकली आणि त्या दिवसापासून नानांच्या ताटाभोवती पहारा बसला. कारलं, मेथी, शेवग्याचा पाला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दुसऱ्या दिवशी शेवग्याचा पाला, मेथी, कारलं, कळण्याची भाकरी. नाना ताटाकडे असे बघायचे की कारल्यालाही वाईट वाटावं.

डॉक्टरांच्या यंत्रावर अक्कांचा विश्वास नव्हता. त्यांची स्वतःची तपासणी होती. परसात मोरीच्या कोपऱ्यात नाना जिथं लघवीला बसत, तिथं सकाळी जाऊन त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. मुंग्या दिसल्या की साखर आहे, नाही दिसल्या की नाही.

“डाक्टरनं यंत्र बिघडस,” अक्का म्हणायच्या. “मुंगी बिघडत नही.”

मला हसू यायचं. सातवी पास बाईला येणारच!

आणि त्याच सुमारास मासिकात जीवनसत्त्वांवर लेख आला. त्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, की ‘अ’ नावाचं एक जीवनसत्त्व असतं, ते कमी पडलं की डोळे अधू होतात. मी लेखावरून नजर फिरवली आणि एका शब्दावर ती चिकटली. आंबा! मी मासिक छातीशी धरलं. घरात रोगी, शेतात आंबा आणि मध्ये मी शिकलेली. देवानं मला उगीच सातवी पास केलं नव्हतं!

आता तुम्ही विचाराल, बाई, मधुमेहाला आंबा? मी याचाही विचार केला होता. एक तर डॉक्टरांच्या यादीत आंबा नव्हता. (यादी माघातली. माघात झाडाला मोहोर असतो. तेव्हा डॉक्टरांना आंबा आठवणार कुठून, हे माझ्या डोक्यात आलं नाही.) आणि दुसरं, डॉक्टरांनी साखर बंद केली होती. आमच्या घरी रसात साखर घालायची पद्धतच नव्हती. साखर घातलीच नाही, तर साखर येणार कुठून?

आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आंब्याला तोंड लावत नाहीत. त्या दिवशी पितरांना रस वाढायचा, मग आपण खायचा. आणि आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. मी त्या वर्षी गेले नाही. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली.

“काय व, आखाजीले माहेर नही गयी? भांडण व्हयनं का?”

“नाही हो,” मी म्हटलं. “नानांची सेवा करायचीय.”

ती बाई अशी बघत राहिली की जणू मी संन्यास घेतला. मलाही तसंच वाटत होतं.

आखाजीला अक्कांनी नानांना पितरांचा प्रसाद म्हणून रसाचं फक्त बोट चाटवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का शेजारी देवाच्या वाती वळायला गेल्या आणि मी पदराखाली वाटी घेऊन नानांसमोर उभी राहिले.

“नाना, हे औषध.”

नानांनी वाटीचा वास घेतला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाटीकडे बघितलं.

“औषध?” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“हो. ‘अ’ जीवनसत्त्व. डोळ्यांसाठी. मासिकात आलंय.”

“छापून आलंय?”

“छापून!”

“मग घ्यायला हवं,” नाना गंभीरपणे म्हणाले, आणि वाटी अशी रिकामी केली की घासायचीही गरज पडली नाही.

पंधरा दिवस रोज एक वाटी. औषध लागू पडतंय का हे बघायला मी शास्त्रीय पद्धत ठेवली होती. वाटीच्या आधी नानांसमोर पंचांग धरायचं आणि म्हणायचं, “वाचा.” नाना खडाखडा वाचायचे. वार, तिथी, नक्षत्र, सगळं!

“कालपेक्षा उजळ दिसतं, सूनबाई,” ते म्हणायचे आणि हात पुढे करायचे. पंचांगासाठी नव्हे, वाटीसाठी.

एक दिवस घाईत माझ्याकडून पंचांग उलटं धरलं गेलं. नानांनी तेही खडाखडा वाचलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नाना वार आणि तिथी रोज सकाळी अक्कांना विचारून पाठ करून ठेवतात. त्यांना अक्षर दिसतच नव्हतं! शहाणी बाई असती तर तिथंच थांबली असती. मी विचार केला आणि ठरवलं, की एक वाटी कमी पडतेय. उद्यापासून दोन.

नानांना आता तहान फार लागायची. माठ दिवसातून दोनदा भरावा लागे. मी म्हटलं, उन्हाळा आहे. नाना वाळले, सदरा खांद्यावरून घसरायला लागला. मी म्हटलं, नको ती चरबी झडतेय. सदा पेंगायला लागले. मी म्हटलं, डोळ्यांना विश्रांती मिळतेय. जगातलं काहीही घडलं असतं तरी मी ते जीवनसत्त्वाच्या खात्यावर घातलं असतं. घराला आग लागली असती तरी म्हटलं असतं, उजेड वाढलाय.

पण मुंग्या! मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची आखाजी सुरू झाली होती. रांगच्या रांग, भिंतीपासून तुळशीपर्यंत. अक्का बघायच्या आत काही करायला हवं होतं. मी पहाटे उठून तिथं हळद टाकायला लागले. हळदीला मुंगी शिवत नाही. अक्का सकाळी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि कोपरा स्वच्छ!

“दखा!” त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. “मनं कारलं लागू पडनं!”

चार घरच्या बायका अक्कांकडे कारल्याची कृती विचारायला आल्या. मी आतून सगळं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बिचारी अडाणी बाई. गुण माझ्या आंब्याचा, नाव हिच्या कारल्याचं!

एकच अडचण झाली. हळदीचा डबा आठवड्यात तळाला गेला.

“आपला घरनी हयद कोठे जास व?” अक्कांनी मला विचारलं. “रोज लगीन शे का कोनं?”

मी म्हटलं, वरणात जरा जास्त पडते. तेव्हापासून वरण वाढलं की त्या आधी वरणाकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

मृग लागला, आंबा संपत आला, आणि एका ढगाळ दुपारी जिनचे मुनीमजी आले. गोदामात उरलेल्या मालाचा नमुना रुमालात बांधून आणला होता. ओट्यावर नानांसमोर त्यांनी रुमाल सोडला. मी पाहुण्यांसाठी बशी घेऊन आले. बशीत सुतरफेणी. धुळ्याहून माझ्या माहेरून आलेली, पांढरीशुभ्र, केसासारखी बारीक. (तूप होतं ना तिच्यात! आणि तुपात ‘अ’ जीवनसत्त्व असतं, असं त्याच लेखात होतं. तेव्हा नानांसाठीही एक तुकडा जास्तीचा ठेवला होता.) बशी मी रुमालाशेजारी ठेवली.

नानांनी हात पुढे केला. तो रुमालावरून पुढे गेला आणि बशीत पडला. त्यांनी सुतरफेणीची चिमूट उचलली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरली, ओढली, उजेडाकडे केली, एक डोळा बारीक केला.

“मुनीमजी, हा कुठला माल?”

मुनीमजींचं तोंड उघडं ते उघडंच.

“धागा बारीक आहे,” नाना म्हणाले. “लांबीही बरी. पण ओढला की तुटतोय. दम नाही. आणि हे काय, तेल? सरकी फुटलीय! तुमच्या जिनचे रोलर तपासा आधी. असला माल मुंबईला पाठवाल, तर नाक कापून घ्याल!”

“नाना...” मी पुटपुटले.

“थांब, सूनबाई. मालाचं बोलणं चाललंय.” आणि तेल किती जुनं ते बघायला त्यांनी बोट जिभेवर टेकवलं.

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की मी आजवर कुठल्या देवळातही तसा चेहरा पाहिला नाही. त्यांनी सगळा नमुना तोंडात टाकला!

मी हसले. खोटं कशाला सांगू, पदर तोंडात कोंबून हसले. मुनीमजी मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूहळू रुमालाला गाठ मारली.

“नाना,” ते खाली बघत म्हणाले, “शेठजी विचारत होते, दसऱ्याला नव्या कापसाच्या मुहूर्ताला तुम्ही याल ना? नाही म्हणजे... भडगावचा एक पारखी बघून ठेवलाय त्यांनी. तुमच्या जिवाला त्रास नको म्हणून.”

ते गेले. ओट्यावर रुईचा एक पुंजका सांडून राहिला होता. नानांनी चाचपडत तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला.

“सूनबाई,” त्यांनी विचारलं, “ही पांढरी आहे, की पिवळसर?”

चाळीस वर्षं हा प्रश्न सगळ्या मुलखानं नानांना विचारला होता. माझं हसू पदरातच राहिलं. मी मान वळवली तर दारात अक्का उभ्या. कधीपासून, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही चौघं जळगावला.

डॉक्टरांनी नानांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बारीक दिव्यानं आत बघत राहिले. मग एका नळीत निळं औषध आणि नानांची लघवी घालून ती दिव्यावर तापवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल.

“काय खायला देता यांना?” डॉक्टरांनी विचारलं.

“कारलं, मेथी, शेवगाना पाला, कळणानी भाकर,” अक्का ताठ मानेनं म्हणाल्या. “डाक्टर, मी त्यासले साखर दखाडी बी नही. मोरीमा एक मुंगी नही!”

“मग ही साखर आली कुठून?”

नानांनी छताकडे बघितलं. (त्यांना छत दिसत नव्हतं, तरी बघितलं.) यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्याला बायको थोडीफार कळतेच.

“रस,” मी म्हटलं.

“कसला?”

“आंब्याचा. आधी रोज एक वाटी. मग दोन.”

“आंब्यात साखर असते, हे माहीत नव्हतं?”

“आम्ही वरून घालत नाही, डॉक्टर.”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. तो आधीच स्वच्छ होता. मग मी सगळंच सांगून टाकलं. मासिक, जीवनसत्त्व, उलटं पंचांग. शेवटी हळदही. हळदीपाशी अक्कांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे बघा बाई,” डॉक्टर म्हणाले, “ते जीवनसत्त्व कमी पडलं की येतो तो रातांधळेपणा. यांचा रोग तो नाही. यांच्या रक्तात साखर वाढलीय, त्यानं नजर धूसर होते. आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक शिरांतून रक्त झिरपायला लागतं. उजव्या डोळ्यात तसे ठिपके पडलेत. तिथं तुम्ही आमरस ओतत होता.”

“डोळे जातील?” नानांनी विचारलं. सगळ्या दिवसात ते तेवढंच बोलले.

“साखर उतरली तर धूसरपणा बराचसा जाईल. ठिपक्यांचं सांगता येत नाही. रोज इन्सुलिन टोचावं लागेल. घरात कोण टोचणार?”

यांनी सुई बघितली आणि बाकावर बसले. अक्का म्हणाल्या, “तिनीच टोची. तिनीच करेल शे.”

पहिले आठ दिवस नाना गावच्या दवाखान्यात टोचून घेत आणि मी घरी वांग्यावर शिकले. परसातलं एकही भरताचं वांगं भोकाविना राहिलं नाही. मग रोज सकाळी नानांची पाळी. मी सुई उचलली की नाना डोळे मिटून म्हणायचे, “टोच, सूनबाई, वांगं समज.” एकदा मी धीर करून विचारलं, “नाना, तुम्ही तरी मला का नाही थांबवलंत? आंबा गोड असतो हे तुम्हाला कळलं नाही?”

“पहिल्याच वाटीला कळलं,” नाना म्हणाले. “पण तू पडलीस शिकलेली. म्हटलं, शास्त्र बदललं असेल!”

श्रावणात त्यांना तुळस दिसू लागली. गणपतीत पंचांगातली मोठी अक्षरं. (सुलट धरलेली.) आणि दसऱ्याला मुहूर्ताच्या कापसाची रुई नानांच्या हातात आली, तेव्हा ते डाव्या डोळ्यानं बघून म्हणाले, “पांढरी आहे. पण दव लागलंय. आणखी दोन दिवस वाळवायला हवी होती.” भडगावच्या पारख्याला शेठजींनी नारळ देऊन परत पाठवलं. पेढे वाटले, तेव्हा नानांनी मूठ मिटली म्हणे. उजव्या डोळ्यात मात्र कोळिष्टकासारखं काहीतरी कायमचं राहिलं. पुढे पाच हंगाम त्यांनी एका डोळ्यानं पारख केली. तो दुसरा डोळा माझ्या नावावर.

दसऱ्याच्या त्या संध्याकाळी नाना आनंदात ही हकिगत सांगत होते, आणि अक्का दिवाळीच्या वाती वळत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, “ते मासिक लयी ये व. काय लिखेल शे ते माले वाची दखाड.”

मी आणलं. पहिल्यांदाच तो लेख ओळीनं वाचला. ‘अ’ जीवनसत्त्व कशाकशात असतं, त्याची यादी होती.

“पहिलं काय शे?” अक्कांनी विचारलं.

“शेवग्याचा पाला,” मी म्हटलं.

“मंग?”

“मेथी.”

“मंग?”

“राजगिऱ्याचा पाला. गाजर. पपई. लोणी, तूप.”

“आनि आंबा?”

“आंबा,” मी म्हटलं, “सगळ्यात शेवटी.”

अक्कांनी हातातली वात पूर्ण वळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “सासरा पंचांग उलटं वाचस, सून मासिक खालतून वाचस. माले वाचता येत नही, म्हनीसन या घरमा सर्वा जिवंत शेतस!”